क्वेर्सेटिन की नेटल? सीझनल ॲलर्जीसाठी मी शेवटी काय ठेवलं

परागकणांचे दिवस आले की पहाटेपासून ज्यांच्या शिंका सुरू होतात आणि सेट्रिझिन (ॲलर्जीची नेहमीची गोळी) घेतलं की दिवसभर डोळ्यांवर झापड असते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही मी स्वतः घेतलंय, क्वेर्सेटिन तीन सीझन आणि नेटल दोन.

आधी नेटलबद्दल, म्हणजे अंगाला लागली की आग होणारी ती वनस्पती, कारण मला ते लवकर आवडलं होतं. वाळवलेल्या पानांची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल, घेतल्यावर तासाभरात डोळ्यांची खाज कमी झाल्यासारखी वाटायची. 1990 मध्ये यावर एक छोटी चाचणी झाली होती, 98 जण होते, शेवटपर्यंत राहिले 69, आणि नेटल प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) थोडंच सरस ठरलं. म्हणजे पुरावा तसा तोकडाच, पण माझा अनुभव वाईट नव्हता.

अडलं ते रात्री. नेटलने लघवी जास्त होते, हे लेबलवर वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. नाक चोंदलेलं, एक उशी, दोन उशा करत कसाबसा बाराला डोळा लागायचा आणि दोनला उठायला लागायचं, परत आडवं झालं की नाक पुन्हा बंद. मग शेवटची कॅप्सूल दुपारी चारच्या आत घेऊन बघितली, तर झोप सुधारली पण पहाटे, जेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, तेव्हा तिचा काही असरच उरायचा नाही. मला तरी यातून मार्ग सापडला नाही.

क्वेर्सेटिनला मात्र धीर पाहिजे. कांद्यात, सफरचंदाच्या सालीत असतं तेच हे, मास्ट सेल्समधून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींमधून) हिस्टामिन, म्हणजे शिंका-खाज आणणारं रसायन, सुटायला आळा घालतं, निदान लॅबमधल्या प्रयोगांत तरी. पहिल्या वर्षी मी शिंका सुरू झाल्यावर घ्यायला लागलो आणि चार दिवसांत वैतागून सोडलं, चूक माझीच होती. पुढच्या वर्षी तीन आठवडे आधी सुरू केलं, दोन वेळा जेवणाबरोबर. अंगात नीट शोषलं जात नाही म्हणून फायटोसोम प्रकारातलं (चरबीसारख्या पदार्थात बांधलेलं) घेतलं, महाग पडतं पण मला फरक जाणवला. शिंका थांबल्या नाहीत, पण पहाटेची ती सलग दहा-बारा शिंकांची माळ तीन-चारवर आली.

बटरबर या ॲलर्जीवर वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीचं कोणीतरी विचारेलच. 2002 च्या एका चाचणीत ते सेट्रिझिनच्या तोडीचं ठरलं होतं, पण लिव्हरला त्रास झाल्याच्या तक्रारींमुळे मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दोन्हीपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि दमा असेल तर इनहेलर अजिबात सोडू नका. तुमची झोप गाढ असेल, त्रास फक्त दिवसा होत असेल तर नेटल कदाचित तुम्हाला जास्त जमेल. माझ्याकडे नेटलची बाटली अजून आहे, डोळे फारच चुरचुरले तर दुपारी एखादी घेतो. रोजचं मात्र क्वेर्सेटिनच.