पाणी गार न करणारा माठ

आईला संग्रहालयं आवडत नाहीत. "मेलेल्या माणसांची भांडी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. तरी २०२२ च्या जुलैत मी तिला यॉर्क आर्ट गॅलरीत घेऊन गेले, त्याला कारण उकाडा. त्याच आठवड्यात लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले होते, इंग्लंडात पारा पहिल्यांदाच चाळिशीपार. लीड्सच्या आमच्या घरात साधा पंखा नाही. कराडहून आलेली आई फ्रिजचं पाणी पीत नाही, घसा धरतो म्हणते. "इथं माठ मिळत नाही का गं?" हे तिनं चार दिवसांत किमान सहा वेळा विचारलं. म्हटलं चल, माठच दाखवते.

प्रदर्शनाचं नाव होतं 'बॉडी व्हेसल क्ले'. आधी लंडनला होतं, मग यॉर्कला आलं. कृष्णवर्णीय स्त्रियांचं मातीकाम, मांडणी जारेह दास यांची. त्यातल्या बाकीच्या गोष्टींवर मी लिहीत नाही, कारण आम्ही दोघी एका बाईच्या कामापुढे अडकलो ते अडकलोच. ती बाई लादी क्वाली. (पावाची लादी नव्हे, हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीला लादी म्हणतात. क्वाली हे तिचं गाव, नायजेरियातलं.)

आता वस्तूबद्दल. पोट घागरीसारखं गोल, मान आखूड, काठ बाहेर वळलेला. लांबून थेट आपल्याकडचा माठ. जवळ गेलं की हिरवट-तपकिरी काचेसारखी झिलई आणि तिच्याखाली पांढुरक्या रेषांतले प्राणी: पाली, साप, मासे, विंचू. प्रत्येकाला आपापली चौकट, चौकटींच्या कडेनं बारीक दातेरी पट्ट्या. या पट्ट्या खाचा पाडलेली छोटी गुंडाळी ओल्या मातीवर फिरवून उठवतात. प्राणी मात्र हातानं कोरायचे, कोरलेल्या रेघेत पांढरी पातळ माती भरायची आणि वर झिलई द्यायची. पाल आखीव नाही. शेपूट जागा संपल्यामुळे वळवल्यासारखी वळते, तुळशीवृंदावनासमोर घाईत काढलेल्या रांगोळीत वळते तशी. त्या शेपटीपुढे मी बराच वेळ उभी होते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात चाक नाही. मातीच्या गोळ्यात मूठ घालून तो पोकळ करायचा, त्यावर मातीच्या वळ्या चढवायच्या आणि आतून-बाहेरून खरवडत भिंत पातळ करायची. भांडं जागेवर, बाई फिरते, तीही उलट्या पावलांनी, भांड्याभोवती. आपल्याकडे चाक फिरतं आणि कुंभार बसून असतो. कुंभारणीच्या वाट्याला माती मळणं, रंगवणं, आवा लावणं आणि बाजारात बसणं. मी हे सांगत असताना आई म्हणाली, "म्हणजे ती स्वतःच चाक झाली की." यापेक्षा नेमकं मला आजवर सुचलेलं नाही.

मी तिला पुढची गोष्ट सांगायला लागले. बर्नार्ड लीच या नावाजलेल्या कुंभाराचा शिष्य मायकेल कार्ड्यू हा इंग्रज कुंभार सरकारी नोकरीवर नायजेरियात गेला आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अबुजात त्यानं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. हे अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. राजधानीसाठी त्या गावाचं नाव घेतलं आणि गावाला सुलेजा हे नवं नाव मिळालं. तिथल्या अमीराच्या, म्हणजे राजाच्या, वाड्यात क्वालीच्या बाईचे माठ होते, ते कार्ड्यूनं पाहिले. केंद्रात सगळे पुरुष होते. १९५४ साली लादी तिथे दाखल झाली, पहिली बाई. नंतर हलिमा ऑडू, असिबी इडो अशा आणखी काही आल्या. लादीचे माठ लंडनला गेले, ती स्वतः इंग्लंड-अमेरिकेत लोकांसमोर माठ घडवून दाखवून आली, १९६२ मध्ये राणीचा एमबीई किताब मिळाला. आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला तीच आहे, भांडं घडवताना.

"शिकवायला गेला आणि तिला काय शिकवलं त्यानं?" आईनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. घडवणं, कोरणं ती घरच्या बायकांकडून आधीच शिकलेली. केंद्रात मिळाली ती झिलई आणि भट्टी. गावात माठ उघड्यावर, गवत-काटक्यांच्या जाळात भाजायचे आणि गरम असतानाच एका झाडाच्या शेंगांचा काढा शिंपडायचे. केंद्रात लाकडाची मोठी भट्टी होती, १३०० अंशांच्या आसपास जाणारी. त्या आचेत मातीचे कण मऊ होऊन एकमेकांना काचेसारखे चिकटतात आणि अंगातली भोकं बुजतात. त्यालाच स्टोनवेअर म्हणतात. हे सगळं मी आईला जरा जास्तच शिक्षिकी थाटात सांगितलं.

आईनं चष्मा कपाळावर सरकवला, मान वाकडी करून माठाच्या बुडाकडे पाहिलं. "पाझरणार नाही ना हा? मग पाणी गार कसं होणार?" आणि दोन सेकंदांनी, "ही तर बरणीच झाली!"

झालं. माझं सगळं व्याख्यान एका वाक्यात. आपली लोणच्याची बरणी, ती पांढऱ्या पोटाची आणि तपकिरी खांद्याची, दादरा बांधून फडताळात वर ठेवलेली, तीही स्टोनवेअरच. आपण 'चिनी माती' म्हणतो म्हणून लक्षात येत नाही. बरणीचं काम आतलं बाहेर जाऊ न देणं. माठाचं काम बरोबर उलटं: थोडं बाहेर जाऊ देणं. झिरपलेलं पाणी बाहेरून वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून तर माठाखाली ओली वाळू, अंगाला ओलं फडकं आणि नव्या माठाला पहिले दोन-तीन दिवस नुसतं भरून ठेवायचं. लादी क्वालीचा हा माठ म्हणजे माठाचा देह आणि बरणीची कातडी. पाणी राहील, गार होणार नाही.

माझी तक्रार इथेच आहे आणि ती त्या चकाकीबद्दल आहे. ही झिलई मला खटकते. वरून दिवा पडला की पोटावर एक पांढरा डाग उमटतो आणि नेमकी पाल त्याखाली जाते. मी तीन बाजूंनी फिरून पाहिलं तेव्हा कुठे चारही पाय मोजता आले. झिलईशिवायचा, गावच्या जाळात भाजलेला तिचा माठ जास्त सुंदर असणार असं मला ठामपणे वाटतं. दुसरी बाजूही सांगायला हवी: तसे माठ पाणी भरता भरता फुटले असणार. वापरातलं भांडं फुटतंच. हा कुणी वापरलाच नाही, म्हणून मला दिसला.

त्याच दालनात मॅग्डालीन ओडुंडो यांचीही भांडी होती. केनियात जन्मलेल्या आणि इंग्लंडात शिकलेल्या ओडुंडो सत्तरच्या दशकात अबुजाला जाऊन लादीकडे हात बसवून आल्या. त्यांनी झिलई घेतलीच नाही. नुसतं घोटून घोटून आणलेलं तेज, काळं किंवा केशरी. मला वाटलं आईला ती आवडतील. तिनं पाहिली, "छान आहेत" म्हणाली आणि परत आपल्या बरणी-माठाकडे गेली.

तिथं तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी मला दिसली नव्हती. "चुंबळ नाही. कशाच्याही आधाराशिवाय उभा आहे. डोक्यावर घ्यायचाच नाही हा." मी लगेच माझं ज्ञान पाजळलं, की लादीच्या ग्बारी समाजात बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर घेतात; डोक्याचा मान मोठा. आई म्हणाली, "शहाण्या आहेत." तिची मान गेली दहा वर्षं दुखते.

तारे द्यायचा रिवाज आहे म्हणून: हाताला पाच, कोरीवकामाला पाच, झिलईला दोन. पाण्यासाठी शून्य. यॉर्कबद्दल एवढंच, की मातीकामासाठी इंग्लंडात एकच गाव निवडायचं असेल तर मी हेच सांगेन. बिल इस्मे नावाच्या एका ग्रंथपालानं वेकफील्डच्या साध्या चाळवजा घरात साडेतीन हजारांवर भांडी जमवली, त्यातच खाल्लं-प्यायलं, आणि तो सगळा संग्रह आता यॉर्ककडे आहे. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा. आमचा दिवस एका माठातच संपला.

घरी आल्यावर आईनं ओट्यावरची माझी बरणी उचलली. एका हस्तकलेच्या जत्रेत अठ्ठेचाळीस पौंड मोजून घेतलेली, हातानं घडवलेली, 'स्टोनवेअर' असं सांगून विकलेली. तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं आणि तीन आठवड्यांत बाहेरच्या अंगावर मिठाची पांढरी फुलं फुटली. झिलईला केसासारख्या भेगा होत्या आणि आतली माती पुरती शिजलेली नव्हती. वरून बरणी, आतून माठ. मी लोणचं काढून ती तशीच ठेवली होती, फेकायला जीव होत नव्हता.

"ही पाझरते ना?" आई म्हणाली. धुतली, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, सकाळी भरून खिडकीत मांडली आणि माझं एक जुनं सुती फडकं ओलं करून तिला गुंडाळलं. संध्याकाळी दोघींनी पेलाभर पाणी घेतलं.

गार म्हणावं इतपत होतं. लिंबाचं लोणचं मात्र स्पष्ट लागत होतं.