पुण्याहून दिल्ली: लोहगाव की मुंबई?

दिल्लीचं तिकीट शोधताना मुंबईचा दर हजार-दीड हजाराने कमी दिसतो आणि मन डळमळतं. त्याआधी अंतरं पाहा. लोहगाव ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे ११६० किमी, मुंबई ते दिल्ली सुमारे ११४०. म्हणजे हवेत दोन-तीन मिनिटांचाही फरक नाही. दोन्हीकडच्या तिकिटावर साधारण दोन तास दहा मिनिटं लिहिलेली असतात, प्रत्यक्ष उड्डाण पावणेदोन तासांच्या आसपास. उरलेला वेळ धावपट्टीकडे जाण्यात, रांगेत आणि दिल्लीवर उतरण्याची पाळी येईपर्यंत जातो.

खरा हिशेब जमिनीवरचा आहे. कोथरूडहून लोहगावला गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास धरावा. वनाजहून मेट्रोने रामवाडी आणि पुढे रिक्षा केली, तर निदान नगर रस्त्यावरची कोंडी बरीचशी टळते. मुंबई विमानतळ सुमारे १५० किमी. रस्ता मोकळा असेल तर तीन तास, पण त्या भरवशावर निघू नये. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणारी गर्दी असते, आणि बोरघाटात एखादा ट्रक बंद पडला की तास सहज जातो. म्हणून किमान साडेचार तास हाताशी ठेवा, कारण देशांतर्गत उड्डाणाचं चेक-इन सहसा तासभर आधी बंद होतं आणि घाटातल्या कोंडीचं कारण काउंटरवर चालत नाही.

पैशांचंही तसंच. द्रुतगती मार्गाचा कारसाठीचा टोल एप्रिल २०२३ पासून एका बाजूने ३२० रुपये झाला. त्यात इंधन किंवा टॅक्सीचं भाडं मिळवा. एकट्या माणसाची बचत तिथेच संपते. चौघं एका गाडीत असतील तर मात्र मुंबई परवडू शकते.

मुंबईची खरी ताकद आहे ती उड्डाणांच्या संख्येत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुकं असतं. दिल्लीहून आलेलं विमानच पुण्याहून परत जाणार असेल, तर तिकडचा सकाळचा उशीर इकडे दिवसभर रेंगाळतो. अशा वेळी पुढचं विमान मुंबईहून लवकर मिळण्याची शक्यता जास्त. दिल्लीत त्याच दिवशी ठरलेलं काम असेल, तर पुण्याहून आदल्या संध्याकाळी निघणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मुंबईच घ्यायची असेल तर तिकिटावरचं टर्मिनल नीट वाचा. टी-१ सांताक्रूझला, टी-२ अंधेरीच्या सहार भागात, आणि चुकीच्या दारात उतरलात तर पुन्हा रस्त्याने वळसा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे, त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. पुण्याहून येणाऱ्याला नवी मुंबईचं अंतर तीसेक किलोमीटरने कमी पडतं आणि शहरातली गर्दीही लागत नाही, त्यामुळे सोयीच्या वेळेचं विमान असेल तर आधी तिथलं तिकीट पाहा.