लोलक माझ्याच हातात होता

झोपेची तक्रार जुनी होती. तपासण्यांत रक्तदाब वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या, झोप मात्र येईना. अशात ओळखीतल्या एकीने मला ‘ऊर्जा तपासणाऱ्या’ एका गृहस्थांकडे नेलं. मी तशी चिकित्सक. बुवाबाजीला बळी पडणाऱ्यांना हसणारी. म्हणूनच सांगते, त्यांनी मला काही पटवून देण्याचा प्रयत्नच केला नाही. दोऱ्याला बांधलेला एक खडा माझ्या चिमटीत दिला आणि म्हणाले, “ताई, मी लांब बसतो. उत्तर ‘हो’ असेल तर गोल फिरेल, ‘नाही’ असेल तर पुढेमागे हलेल. तुम्हीच विचारा.”

मी माझं नाव विचारलं. खडा गोल फिरला. मुद्दाम चुकीचं नाव घेतलं, तर पुढेमागे. मी हात हलवत नव्हते, शपथेवर सांगितलं असतं. मग “घरात दूषित ऊर्जा आहे का?” असं विचारलं आणि तो केवढा तरी गरगरला! तिथेच मी संपले. दुसऱ्याचं बोलणं तपासून घ्यायची सवय होती, स्वतःच्या हातावर कशाला संशय घेऊ?

पुढचं पटापट सांगते, कारण आठवून लाज वाटते. तांब्याच्या चकत्या घेतल्या, मग ‘जास्त क्षमतेच्या’ चकत्या, मग पलंगाखालची पट्टी. दोन महिन्यांचा पगार गेला. आणि एके दिवशी मी लोलकाला विचारलं, रक्तदाबाची गोळी मला मानवते का? तो पुढेमागे हलला. तीन आठवडे गोळी बंद. चक्कर येऊन पडले तेव्हा घरच्यांना कळलं.

पुतण्याने वाद घातला नाही. त्याने दोन सारख्या डब्या आणल्या आणि एकीत चकती ठेवली. झाकणं उघडी असताना लोलकाने वीसपैकी वीस वेळा बरोबर डबी दाखवली. मग झाकणं लावली. चकती कुठल्या डबीत जाणार हे तो दर वेळी नाणं उडवून ठरवायचा, डब्या मांडायचा आणि खोलीबाहेर जायचा. ज्याला उत्तर माहीत आहे, त्याच्या चेहऱ्यावरूनही आपण नकळत उत्तर उचलतो, असं त्याचं म्हणणं. या वेळी वीसपैकी नऊ बरोबर आली. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं, तरी एवढीच आली असती.

शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये हेच लिहून ठेवलंय. त्याच्याही हातातला लोलक पाऱ्यावर धरला की हलायचा. हाताला आधार दिला की हलणं मंदावायचं आणि डोळे बांधले की थांबायचं. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात. पंचवीस सेंटीमीटरच्या दोऱ्याचा एक झोका साधारण एका सेकंदाचा असतो. त्या लयीत बोटं केसभर हलली तरी प्रत्येक धक्का आधीच्या झोक्यात मिसळत जातो आणि झोका मोठा होतो. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, हलवत मात्र मीच होते.

हे फक्त माझ्यासारख्या निद्रानाशवाल्यांचं नाही. ‘एडीई ६५१’ नावाचं, मुठीवर सैल फिरणारी दांडी बसवलेलं यंत्र बॉम्ब शोधण्यासाठी म्हणून इराकला विकलं गेलं आणि तपासणी नाक्यांवर वापरलं गेलं. आत बॉम्ब ओळखणारं काहीच नव्हतं. दांडी सैनिकाच्या मनगटाच्या कलाने वळायची. विकणाऱ्याला २०१३ मध्ये लंडनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

डब्यांचा प्रयोग मी त्या गृहस्थांना सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “शंका घेतली की ऊर्जा अडते.” म्हणजे बरोबर आलं तर लोलकामुळे, चुकलं तर माझ्यामुळे. या वाक्यावर मी आधीच थांबायला हवं होतं. पहिल्या भेटीतही ते हेच म्हणाले होते, तेव्हा मला ते नम्रपणाचं वाटलं होतं!

गोळ्या पुन्हा सुरू आहेत. तक्रार करावी म्हणून पावत्या शोधल्या. तिन्ही पावत्यांवर एकच नोंद होती: ‘शोभेची वस्तू’.