पेनड्राइव्हला कुलूप: बिटलॉकर, व्हेराक्रिप्ट की बटणांचा ड्राइव्ह?

पेनड्राइव्ह हरवला की जीव खालीवर होतो तो आत काय होतं ते आठवून. करसल्लागाराच्या किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या ड्राइव्हमध्ये आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं असतात, आणि तीही दुसऱ्यांची. 'पीडीएफला पासवर्ड आहे की' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव बहुतेकदा फाइललाच दिलेलं असतं. साल शोधायला फार तर शंभर आकडे टाकून बघायचे, आणि शेजारीच पॅनकार्डाचं स्कॅन असेल तर तेवढेही कष्ट नकोत. कुलूप हवं ते अख्ख्या ड्राइव्हला.

फोल्डर 'लॉक' करून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं आधीच बाजूला काढू. त्यातली बरीचशी फोल्डर नुसता लपवतात. तोच ड्राइव्ह लिनक्सच्या मशीनला लावला की सगळं उघडं.

उरलेल्या पर्यायांत कोणाचं एन्क्रिप्शन (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं डेटाचं सांकेतिक रूपांतर) किती बिटांचं, यावर लोक फार डोकं घालवतात. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत सगळीकडेच आहे, आणि 128 बिटांचं असलं तरी ते फोडत बसायला कोणाला वेळ नाही. माझ्या मते निवड एकाच प्रश्नावर करावी: हा ड्राइव्ह तुम्ही कोणाच्या मशीनवर उघडणार?

सगळी मशीनं विंडोजची असतील तर विंडोजमध्येच असलेलं बिटलॉकर हे कुलूप घ्या आणि मोकळे व्हा. पेनड्राइव्हसाठी तो विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून आहे. ड्राइव्हवर राइट क्लिक, 'टर्न ऑन बिटलॉकर', पासवर्ड, झालं. अडचण एवढीच की कुलूप लावायला विंडोजची प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते, आणि घरच्या लॅपटॉपवर बहुधा होम असते. पण होमवर असा ड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडतो, त्यात नव्या फायली टाकताही येतात. म्हणजे प्रो असलेल्या मशीनवर एकदा कुलूप लावून घेतलं की पुढे होमवर काम चालतं. ते मशीन ऑफिसचं असेल तर जरा जपून, कारण तिथल्या सेटिंगप्रमाणे रिकव्हरी की कंपनीकडे जमा होऊ शकते. ही की 48 अंकी असते. पासवर्ड विसरलात तर तोच एक आधार, तेव्हा प्रिंट काढून कपाटात ठेवा. मॅकवर मात्र बिटलॉकर आपणहून उघडत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

घरी मॅक, कामावर विंडोज, मुलाकडे लिनक्स अशी खिचडी असेल तर व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, तिन्हीकडे चालतं (मॅकवर मॅकफ्यूजसारखं आणखी एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं). 2013 मध्ये ते ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडवरून तयार झालं. मूळ ट्रूक्रिप्टचं काम 2014 च्या मे महिन्यात बंद पडलं, त्यामुळे कोणी अजून ते सुचवत असेल तर ऐकू नका.

व्हेराक्रिप्टमध्ये अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येतो, पण पेनड्राइव्हसाठी मी तो मार्ग सांगणार नाही. असा ड्राइव्ह दुसऱ्याच्या विंडोजला लावला की खिडकी उघडते: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? समोरचा भला माणूस 'हो' म्हणतो आणि तुमचा डेटा गेला. त्यापेक्षा व्हेराक्रिप्टनं ड्राइव्हवर एक मोठी कुलूपबंद फाइल करून तिच्या आत सगळं ठेवा. बाकीची जागा प्रिंटाबिंटांसाठी मोकळी राहते. ड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ही फाइल 4 जीबीच्या आत ठेवावी लागते. मोठी हवी असेल तर आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. या सॉफ्टवेअरची खरी गोची वेगळीच आहे. विंडोजवर ते आधीपासून टाकलेलं नसेल, तर पोर्टेबल पद्धतीनं चालवायलाही अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. बँकेतल्या किंवा सरकारी कचेरीतल्या मशीनवर ते कोण देणार? शिवाय इथे रिकव्हरी की हा प्रकारच नाही. पासवर्ड विसरलात की संपलं.

मग बटणांचे ड्राइव्ह. ड्राइव्हवरच अंकांची बटणं असतात, पिन दाबली की तो उघडतो. सॉफ्टवेअर लागत नाही, त्यामुळे मॅक, टीव्ही, थेट पेनड्राइव्ह घेणारं झेरॉक्स मशीन, सगळीकडे चालतो. किंमत साध्या ड्राइव्हच्या कितीतरी पट. किंग्स्टनच्या आयर्नकीसारख्या मॉडेलांत दहा वेळा पिन चुकली की डेटा कायमचा जातो. घरात लहान मूल असेल तर ड्राइव्ह टेबलावर ठेवू नका. ही दहाची मर्यादा काय करू शकते ते 2021 च्या जानेवारीत जगानं वाचलं: स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे 7,002 बिटकॉइन एका जुन्या आयर्नकीत अडकले होते, आठ प्रयत्न फुकट गेले होते, दोनच उरले होते.

महाग म्हणजे अभेद्य, असंही धरू नका. 2010 मध्ये जर्मनीच्या सिस या कंपनीनं दाखवून दिलं की किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिमच्या काही प्रमाणित ड्राइव्हांत पासवर्ड कोणताही असो, तो बरोबर ठरल्यावर ड्राइव्हला जाणारा उघडण्याचा संदेश एकच होता. तो संदेश थेट पाठवला की काम झालं. 2022 मध्ये त्याच कंपनीला व्हर्बाटिमच्या बटणांच्या ड्राइव्हातही दोष सापडले. माझं मत विचाराल तर हा खर्च त्यांनीच करावा ज्यांना रोज परक्या मशीनवर काम करावं लागतं.

दोनचार फायलीच न्यायच्या असतील तर सेव्हन-झिप हे फायली एकत्र बांधून पासवर्ड लावणारं सॉफ्टवेअर पुरतं. फॉरमॅट 7झेड ठेवा आणि फायलींची नावं एन्क्रिप्ट करण्याच्या चौकटीत टिक करा, नाहीतर आत काय आहे ते नावांवरूनच कळतं. पण आतली फाइल तिथल्या तिथे उघडली की तिची एक प्रत त्या मशीनच्या टेंप, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या, फोल्डरमध्ये उतरते. सायबर कॅफेत हे परवडत नाही. तसंही परक्या मशीनवर पासवर्ड टाकून ड्राइव्ह उघडला की तो त्या मशीनला पूर्ण उघडाच असतो, मग कुलूप कोणतंही असो. झेरॉक्सवाल्याकडे वेगळा, रिकामा ड्राइव्ह न्यावा आणि त्यात फक्त प्रिंटची फाइल असावी.

कुलूप लावताना बिटलॉकर विचारतो: फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की अख्खा ड्राइव्ह? पहिलं झटपट होतं, नव्या कोऱ्या ड्राइव्हला ते चालेल. ज्याच्यात वर्षभर लोकांचे कागद ठेवले आणि पुसले, त्याला दुसरंच निवडा. पुसलेल्या फायली मोकळ्या जागेत तशाच पडून असतात आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं वर येतात. वेळ बराच लागतो, रात्री लावून झोपा.