ओपीडी की १४४१६: पाठपुरावा कुठे टिकतो?

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर माणूस घरी आला, आता मुंबईतल्या केईएम-नायर या पालिका रुग्णालयांची मानसोपचार ओपीडी की टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन, १४४१६?

खर्च पाहा. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही. ओपीडीत केसपेपर स्वस्त, पण विरारहून लोकल, रांग आणि बुडालेला रोज. उपचार अनेकदा इथेच सुटतात. डॉक्टर बदलला की तीच वेदना पुन्हा सांगावी लागते, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवाच.

एका खोलीच्या घरात फोनवर मोकळं बोलता येत नाही. घरच्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावं. पोलिसांच्या भीतीने थांबू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ संरक्षण देतं.

नुकताच प्रयत्न झालेल्याला, औषधं चालू असलेल्याला ओपीडीच. दोन तारखांमधल्या जड रात्रीसाठी फोन. जीव आत्ताच धोक्यात असेल तर थेट कॅज्युअल्टी, आणि एकटं सोडू नका.