जुन्या गाडीच्या बझरचा दोष शोधायला साधा मल्टिमीटर
दिवे चालू ठेवून दार उघडलं की वाजणारा बझर दार लावलं तरी थांबत नसेल, तर कंटिन्युइटी बीपवाला (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारा) साधा डिजिटल मल्टिमीटर टेस्ट लॅम्पपेक्षा (वायरला लावून बघायच्या दिव्यापेक्षा) उजवा. दाराच्या खांबावरचा स्विच दार उघडलं की वायर बॉडीला जोडतो, म्हणून बझर वाजतो. तो काढून वायर सोडवा, बॉडीला टेकू देऊ नका. बझर थांबला तर दोष त्या स्विचचा. नाही थांबला तर इतर दारांचे स्विचही सोडवा. तरी वाजला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागत असावी. आता काढलेला स्विच तपासायला मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) स्विचच्या टर्मिनलला, म्हणजे वायर लागते तिथे, आणि दुसरा स्विचच्या धातूला लावा. दार लावल्यावर आत जाणारी स्विचची दांडी दाबल्यावर बीप थांबलाच पाहिजे. हाताने दाबल्यावर बीप थांबतो, पण दार लावल्यावर बझर थांबत नाही? दांडी झिजली असावी, नवा स्विच टाका. प्रोबची टोकं जाड आहेत, क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्याव्या लागतात. ओहम (रोध मोजायच्या) रेंजवर चालू सर्किटला मात्र मीटर लावू नका, बिघडू शकतो.