ईआरपी बदलायचा असेल तर या टीमला दिवाळीनंतर लगेच गाठा

आमचं अंबड एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे, दुसरं छोटं सातपूरला. जुनं स्टोअरचं सॉफ्टवेअर आणि टॅली यावरच वर्षानुवर्षं गाडी चालली होती, ते सोडून ईआरपीवर, म्हणजे स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, जायचं काम या लोकांना दिलं. स्टोअर माझ्याकडे असल्यामुळे सगळं जवळून बघितलंय.

शेठचं म्हणणं होतं १ एप्रिलला जुनं बंद नवं चालू, विषय संपला. दुसऱ्या एका पार्टीने तसंच कोटेशन दिलेलं, स्वस्त पण होतं. यांनी मात्र तोंडावर 'नाही, असं करू नका' म्हणून सांगितलं. २०१८ ला ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एका वीकेंडला सगळे कस्टमर नव्या सिस्टीमवर नेले आणि नंतर लोकांना स्वतःची खातीच उघडेनात, ते शेठना दाखवलं. मग ठरलं की आधी फक्त सातपूरला चालवून बघायचं, तिथे बसलं की अंबडला स्टोअर आणि डिस्पॅचची एंट्री काही दिवस दोन्हीकडे करायची, रोज संध्याकाळी स्टॉक जुळवायचा, आणि अकाउंट्स तेवढं १ एप्रिलला एकदम, कारण वर्षाच्या मधेच खाती तोडली की ताळमेळ लावताना जीव जातो.

मला सगळ्यात पटलं ते जॉबवर्कच्या चलनांचं काम, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाच्या कागदांचं. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल जीएसटीत एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवसापासून सप्लाय, म्हणजे विकल्यासारखाच, धरतात. नुसता ओपनिंग स्टॉकचा आकडा चढवला असता तर मूळ तारखाच गेल्या असत्या. यांचा मुलगा माझ्या शेजारी बसून एकेक पेंडिंग चलन जुन्या नंबर-तारखेसकट चढवत होता. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एकच बोल्ट 'एम८ बोल्ट', 'बोल्ट ८ एमएम' आणि 'हेक्स बोल्ट एम ८' असा तीन नावांनी पडलेला, ते साफ झाल्याशिवाय डेटा घेतलाच नाही.

त्रास झाला तो डबल एंट्रीचा, पोरं उशिरापर्यंत थांबायची आणि चिडायची. पण एका आयटमचं युनिट नगाऐवजी किलोत गेलेलं ते त्यातच सापडलं, जुनं बंद केलं असतं तर कळलंच नसतं. गेटपासची प्रिंट नीट यायला फार वेळ लावला, तिथे एक स्टार कापलाय. ट्रेनिंग मराठीत, थेट शॉपफ्लोअरवर, ऑपरेटरला हातात माऊस देऊन.

मार्चमध्ये यांना वेळ नसतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच बोलवा.